शहापूर (ठाणे जिल्हा)

शहापूर : ठाणे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि भातशेतीच्या मुलखाची जुनी बाजारपेठ. हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर, भारंगी नदीच्या काठी आहे. गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे आसनगाव हे सर्वांत जवळचे स्थानक, मुंबईपासून सुमारे ८६ किमी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाण्याकडे सात तालुके राहिले. त्यांत क्षेत्रफळाने शहापूर सर्वांत मोठा आहे. तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख १४ हजार. कुणबी आणि आगरी समाजांबरोबर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली या आदिवासी जमातींची येथे मोठी वस्ती आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही शहापुरात आहे.

तालुक्याच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि तिथून जमीन पश्चिमेकडे उतरत जाते. आसनगावात उतरले की माहुली किल्ल्याचे सुळके समोर दिसतात. त्यांना इथे नवरा, नवरी आणि भटजी म्हणतात. निजामशाहीच्या अखेरच्या काळात, १६३६ मध्ये, शहाजीराजांनी याच किल्ल्यावर मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्याला तोंड दिले होते. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि जमिनीला उतार. त्यामुळे पडलेले पाणी मुरायच्या आत ओढ्याला लागते. तालुक्याची शेती आणि पाणीटंचाई या दोन्हींचे मूळ इथे आहे.

भात हे मुख्य पीक, आणि बहुतेक गावांत वर्षातून एकदाच घेतले जाणारे. पण त्याचे काम पावसाच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यात राबापासून, म्हणजे रोपांची जागा भाजण्यापासून सुरू होते. रोप जिथे वाढवायचे त्या जागेवर शेण, झाडांची टहाळ, पालापाचोळा आणि गवत थरांनी पसरतात, वर बारीक माती टाकतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवतात. आग भडकू न देता ती धुमसत जळली पाहिजे. जमीन भाजल्याने तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि रोप जोमाने उठते. टहाळीसाठी तोडलेली ऐनाची झाडे उन्हाळ्यात खांबासारखी उघडी दिसतात. कृषी खात्याने राब न भाजता गादीवाफ्यावर रोपे करण्याचा प्रचार बरीच वर्षे केला, तरी ही पद्धत टिकून आहे. तिला केवळ अडाणीपणा म्हणणे चुकीचे आहे. तण काढायला मजूर परवडत नाही, तिथे शेतकऱ्याच्या हाताशी असलेला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

राबात पेरलेले बी पावसाने उगवते. तीनेक आठवड्यांनी रोपे उपटून मुठी बांधतात, खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, चिखलणी करतात आणि गुडघाभर चिखलात वाकून लावणी होते. चिखलणीला पूर्वी बैलजोडी असे, आता पॉवर टिलर भाड्याने आणतात. लावणीला अजून माणसेच लागतात, आणि त्यांत बायकांचा वाटा मोठा. लावणी झाली की सगळी भिस्त बांधावर. खेकड्याने बांधाला भोक पाडले तर एका रात्रीत खाचर रिकामे होते. म्हणून सततच्या पावसातही शेतकरी पहाटे फावडे घेऊन बांध फिरून येतो आणि भोकात चिखल ठासतो.

वाणांचे हळवे (लवकर तयार होणारे), निमगरवे (मध्यम) आणि गरवे (उशिरा तयार होणारे) असे तीन प्रकार आहेत. उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवे भात आणि सखल, पाणथळ जागी गरवे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्राने काढलेले ‘कर्जत-३’ सारखे वाण या पट्ट्यात रुळले आहेत. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी होते. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा टाकतात. कापलेले भात एकदोन दिवस शेतातच वाळू देतात, मग भारे बांधून उडवी रचतात आणि खळ्यावर झोडतात. परतीचा पाऊस नेमका कापणीला गाठतो तेव्हा दाणा शेतातच अंकुरतो, पेंढा काळा पडतो आणि माणसांबरोबर गुरांचेही वर्ष जाते. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर हमीभावाने भात घेतला जातो. साधारण भाताचा भाव २०२४-२५ साठी क्विंटलला २,३०० रुपये होता. पण ज्यांची जमीन एकदीड एकर आहे, त्यांचे भात घरच्या कणगीतच संपते.

पहिला पाऊस पडला की शहापूरच्या बाजारात रानभाज्या येतात. ठाकूर आणि कातकरी बायका शेवळाच्या जुड्यांबरोबर काकडाची आंबट फळे ठेवतात. शेवळ घशाला खाजते आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज मोडते, म्हणून जाणते गिऱ्हाईक काकड घेतल्याशिवाय जुडी उचलत नाही. दिवाळीनंतर यातलीच अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात मुलांची शाळा सुटते.

तालुक्याचे पाणी मात्र वर्षभर बाहेर जाते. मुंबईसाठी बांधलेले तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या भोवतीचे जंगल आज अभयारण्य आहे. १९८० च्या दशकात भातसा धरणाचे पाणी मुंबईला मिळू लागले. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा एकूण साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे, त्यात एकट्या भातसाचा वाटा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा. भातसाचे पाणी धरणातून नदीत सोडतात, खाली पिसे येथील बंधाऱ्यावर उचलतात आणि शुद्ध करून शहरात नेतात. उजव्या कालव्याचे पाणी मिळते त्या गावांत उन्हाळी भात आणि भेंडी, काकडीसारखी भाजी पिकते. बाकीच्या गावांना त्याचा उपयोग नाही. पाडे उंचावर आणि धरणे खोलात, त्यामुळे धरण डोळ्यांसमोर असूनही एप्रिल-मे महिन्यांत कसाऱ्याकडच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. घाटमाथ्यावरच्या, इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना याच कारणाने हाती घेण्यात आली. शहराची गरज कोणी नाकारत नाही. पण ज्यांच्या जमिनी धरणांखाली गेल्या, त्यांच्या हंड्याचा हिशेब इतक्या उशिरा सुरू व्हावा, हा उघड अन्याय आहे.

रेल्वे आसनगावला १८६० मध्ये पोहोचली आणि पुढच्या वर्षी कसाऱ्यापर्यंत गेली. वासिंद, आसनगाव आणि आटगाव परिसरात नंतर कारखाने आले, आता गोदामे आणि गृहसंकुले वाढत आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किमी.चा शेवटचा टप्पा तालुक्यातून जातो. त्याचे काम चालू असताना १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे सरळांबे येथे गर्डर कोसळून २० जणांचा जीव गेला. ५ जून २०२५ रोजी हा टप्पा वाहतुकीला खुला झाला. रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव चढला, तशी भराव टाकून सपाट केलेली खाचरे जागोजागी दिसू लागली. एका खाचरात भराव पडला की वरच्या खाचराचे पाणी अडते आणि खालच्याला पोहोचत नाही, त्यामुळे न विकणाऱ्या शेजाऱ्याचेही भात जाते. कल्याण-ठाण्याला रोज लोकलने नोकरीला जाणारी इथली मुले अजून लावणीच्या आठवड्यात रजा टाकतात आणि घरच्या माणसांबरोबर चिखलात उतरतात.