ईआरपी

एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग या इंग्रजी नावाचे लघुरूप. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, हिशेब व वेतन यांच्या नोंदी एकाच सामाईक विदागारात (डेटाबेसमध्ये) ठेवणाऱ्या संगणकप्रणालीला ही संज्ञा लावतात. मराठीत ‘उद्योग संसाधन नियोजन’ असा प्रतिशब्द योजला जातो. कारखान्यांत व कार्यालयांत मात्र ईआरपी हेच नाव रुळले आहे. नावात नियोजन असले, तरी प्रणालीचा बहुतेक वापर झालेले व्यवहार नोंदवण्यासाठीच होतो. ‘नियोजन’ हा शब्द तिच्या पूर्वजाकडून, म्हणजे एमआरपीकडून, वारशाने आला आहे.

उगम : एमआरपी म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, सुट्या भागांच्या गरजेचे नियोजन. (वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीच्या एमआरपीशी याचा संबंध नाही.) त्याआधी साठा ठरवण्याची शास्त्रीय रीत म्हणजे फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले किफायतशीर मागणी-प्रमाणाचे सूत्र. हे सूत्र प्रत्येक वस्तूची मागणी स्वतंत्र व साधारण एकसारखी धरते. पंपाच्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, ते लागू पडत नाही, कारण केसिंग कोणी सुटी मागत नाही. पंप जितके बनणार तितक्याच केसिंग लागणार. स्वतंत्र मागणी आणि अवलंबी मागणी हा भेद ठाशीवपणे मांडण्याचे श्रेय जोसेफ ऑर्लिकी यांना दिले जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील रसीन येथे जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीत त्यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ही पद्धत राबवली. पुढे ते आयबीएम या संगणक कंपनीत गेले. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९७५ चा आहे.

एमआरपीचा आरंभ नेमका कोठे झाला याविषयी एकमत नाही. १९६४ हे वर्ष आणि ब्लॅक अँड डेकर ही पहिली वापरकर्ती कंपनी, असे अनेक लेखनांत आढळते. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीला उत्तर म्हणून ऑर्लिकी यांनी एमआरपी रचली, असेही त्याला जोडून सांगतात. हे दुसरे विधान स्वीकारणे कठीण आहे. टोयोटाच्या पद्धतीची तपशीलवार इंग्रजी वर्णने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मिळू लागली. शिवाय दोन्हींचा ओघ उलटा आहे : टोयोटाकडे पुढचा टप्पा मागच्याकडून माल ओढतो, तर एमआरपीत वेळापत्रक माल पुढे ढकलते. दुसरीकडे, उत्पादनाचे सुट्या भागांत विघटन करून गरज काढण्याचे गणित संगणकाआधीही होते. हंगेरीत जन्मलेले गणिती अँड्र्यू वाझसोनी यांनी १९५० च्या दशकात ते सारणीच्या रूपात मांडले आणि त्याचे श्रेय थट्टेने ‘झेपार्टझाट गोझिंटो’ या काल्पनिक इटालियन गणितज्ञाला दिले. ‘जे भाग आत जातात’ या इंग्रजी शब्दांचा तो बोबडा उच्चार. काही पाठ्यपुस्तकांत ही आकृती आजही गोझिंटो नावाने दिलेली असते. तेव्हा एमआरपी एका व्यक्तीचा शोध मानण्यापेक्षा, जुने गणित चुंबकीय तबकडीच्या साठवणीमुळे व्यवहार्य झाले असे मानणे अधिक सयुक्तिक. चुंबकीय फितीवर भागांची यादी क्रमानेच वाचावी लागे. तबकडीवर हव्या त्या भागाच्या नोंदीवर थेट जाता येऊ लागले.

गणन : प्रणालीला तीन गोष्टी लागतात : मुख्य उत्पादन वेळापत्रक, भागांची यादी (बीओएम) आणि साठ्याची स्थिती. समजा सहाव्या आठवड्यात १०० पंप हवेत, तयार पंप शिल्लक नाही आणि जुळणीला १ आठवडा लागतो. म्हणजे १०० केसिंग पाचव्या आठवड्याच्या आरंभी हव्यात. स्टोअरमध्ये ३० आहेत, २० वाटेवर आहेत. निव्वळ गरज ५०. ओतकामात ५ टक्के रिजेक्शन धरले तर ५० ÷ ०.९५, म्हणजे ५३. फाउंड्री २५ च्या पटीत देते, म्हणून मागणी ७५. फाउंड्रीला ३ आठवडे लागतात, म्हणून ऑर्डर दुसऱ्या आठवड्यात. प्रत्येक पंपाला ८ बोल्ट धरले तर ८०० लागतात. २५० शिल्लक असतील तर निव्वळ ५५०, आणि १०० च्या खोक्यामुळे ६००. हाच बोल्ट खालच्या बेस फ्रेमलाही लागत असेल, तर वरच्या पातळीवरची गरज पाहून लगेच ऑर्डर काढता येत नाही. म्हणून प्रत्येक भागाला तो बीओएममध्ये ज्या सर्वांत खालच्या पातळीवर येतो तिचा क्रमांक देतात आणि त्या पातळीचे गणन होईपर्यंत त्याची बेरीज राखून ठेवतात.

गणित इतकेच आहे. अडते ते नोंदीपाशी. वरच्या उदाहरणात कागदावर ३० पण रॅकवर ५ केसिंग असतील, तर ७५ पैकी चांगल्या निघालेल्या सुमारे ७१, वाटेवरच्या २० आणि रॅकवरच्या ५ मिळून ९६ होतात. चार पंप अडतात, आणि हे कळते पाचव्या आठवड्यात, म्हणजे नवी केसिंग यायला तीन आठवडे असताना. एमआरपीचे अमेरिकन सल्लागार ऑलिव्हर वाइट यांनी उत्तम वर्गाच्या कारखान्यासाठी साठ्याच्या नोंदी किमान ९५ टक्के व बीओएम किमान ९८ टक्के अचूक असावेत अशी कसोटी सांगितली. ती सैल नव्हे, पण पुरेशीही नाही : ५० भागांच्या यंत्रात प्रत्येक नोंद बरोबर असण्याची शक्यता स्वतंत्रपणे ९५ टक्के धरली, तर सगळ्या ५० नोंदी एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता ८ टक्क्यांहून कमी भरते.

नाव व विस्तार : यंत्रक्षमता आणि पैसा गणनात आल्यावर वाइट यांनी ‘एमआरपी दोन’ हे नाव रूढ केले, त्यात एम म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग. ‘ईआरपी’ ही संज्ञा गार्टनर या सल्लागार संस्थेने १९९० च्या सुमारास वापरली असे सामान्यतः मानतात. वस्तू मात्र नावापेक्षा जुनी आहे. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ मध्ये जर्मनीत स्थापन केलेल्या सॅप या कंपनीचा पहिला ग्राहक आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीचा ऑस्ट्रिंगेन येथील नायलॉन कारखाना होता. तिथे आरंभ हिशेबापासून झाला, सुट्या भागांपासून नव्हे. त्यामुळे ईआरपीला केवळ एमआरपीचा वाढीव अवतार म्हणणे अपुरे ठरते. दुसरे मूळ खातेवहीत आहे. सॅपची आर/३ प्रणाली १९९२ मध्ये आली. १९९० च्या दशकाअखेरीस सन २००० ची तारखेची अडचण टाळण्यासाठी जुन्या प्रणाल्या बदलण्याची घाई झाली आणि प्रसार वाढला. डच बान, अमेरिकन जे. डी. एडवर्ड्स, पीपलसॉफ्ट व ओरॅकल ही त्या काळातील इतर नावे. चेन्नईच्या रॅम्कोची ‘मार्शल’ ही भारतीय प्रणालीही त्याच दशकातली.

नोंदीचा प्रवास : खरेदी आदेश (पीओ) निघतो तेव्हा खात्यात काहीच पडत नाही. माल आल्यावर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केला की साठा नावे आणि मधले ‘माल आला, बिल नाही’ खाते जमा होते. बिल नोंदवल्यावर ते मधले खाते व जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवरील कराची वजावट) नावे, पुरवठादार जमा. पीओ, जीआरएन व बिल यांचे दर आणि नग जुळले नाहीत तर देयक अडते. मधल्या खात्यात महिनोन्‌महिने शिल्लक दिसली, तर एक तर बिल आलेले नाही किंवा कोणीतरी जीआरएन दोनदा केला आहे. वारंवार दिसणारा दोष ‘निगेटिव्ह स्टॉक’. ट्रक आत आला, माल थेट लाइनवर गेला, जीआरएन दुसऱ्या दिवशी झाला; दरम्यान तयार मालाच्या नोंदीबरोबर भाग आपोआप वजा झाले (बॅकफ्लश) आणि साठा शून्याखाली गेला. दुसरा दोष एककाचा : पत्रा किलोत खरेदी, नगात वापर, आणि रूपांतराचा गुणक मास्टरमध्ये (वस्तूच्या मूळ नोंदीत) चुकीचा.

भारतात जॉब वर्कमुळे आणखी एक पायरी येते. भोसरी-चाकण पट्ट्यातील अनेक कारखाने हीट ट्रीटमेंट वा प्लेटिंगसाठी भाग चलनावर (मालासोबतच्या पाठवणीच्या कागदावर) बाहेर पाठवतात. माल दुसऱ्याच्या आवारात, मालकी आपली. सॅपमध्ये त्यासाठी ५४१ या क्रमांकाचा माल-हालचालीचा प्रकार असतो (पीओवरील आवक १०१, उत्पादनास दिलेला माल २६१). जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार हा माल एका वर्षात, तर यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते. साचे, डाय, जिग व फिक्स्चर यांना ही तीन वर्षांची मुदत नाही. प्रणालीत चलनागणिक शिल्लक ठेवली नाही, तर मुदत उलटल्याचे लेखापरीक्षणातच उघड होते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब प्रणालीत प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी, बंद न करता येणारी नोंद सक्तीची आहे.

अंमलबजावणी : नव्या प्रणालीवर जाताना जुन्या नोंदी थांबवणे, प्रत्यक्ष मोजणी, अपूर्ण पीओ व येणी-देणी हलवणे आणि दोन्हीकडची तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) पैशापर्यंत जुळवणे, हा क्रम ठरलेला आहे. मोजणी टाळून जुन्या संगणकातलाच साठा भरणे ही मोहाची आणि महाग चूक. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने जुलै १९९९ मध्ये तीन संगणकप्रणाल्या एकदम सुरू केल्या आणि हॅलोवीन या मिठाईच्या सणापूर्वीच्या १० कोटी डॉलरहून अधिक मागण्या वेळेत पुऱ्या झाल्या नाहीत. माल गोदामांत होता. काही तात्पुरत्या साठवणजागा प्रणालीत नोंदल्याच नव्हत्या, असे एक कारण सांगितले जाते. लिडल या जर्मन दुकानसाखळीने सुमारे ५० कोटी युरो खर्चल्यावर २०१८ मध्ये सॅप प्रणालीचा प्रकल्प सोडला. साठा खरेदीदराने मोजण्याची तिची रीत प्रणालीतील विक्रीदराच्या रीतीशी जुळत नव्हती, हा त्यातील एक प्रमुख अडसर मानला जातो.

महाराष्ट्रात बृहन्मुंबई महानगरपालिकेसारख्या सार्वजनिक संस्थाही सॅप वापरतात. लहान उद्योगांत बहुधा टॅलीसारखी हिशेबप्रणाली आणि तिच्या जोडीला साठ्याची एक्सेल फाइल असते.