हिवाळ्यातील सर्दी आणि ५ मायक्रॉनची सीमारेषा

‘सर्दी’ हा शब्द फारसीतील ‘सर्द’, म्हणजे थंड, यावरून आलेला असल्यामुळे गारवा हेच या आजाराचे मूळ, ही समजूत भाषेतच रुजलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या एका संशोधन केंद्रात स्वयंसेवकांना ओल्या अंगाने गार वाऱ्यात उभे करून पाहिले, तेव्हा केवळ गारठ्यामुळे सर्दी होत असल्याचे दिसले नाही. सर्दीला बहुतेक वेळा कारणीभूत ठरणारा ऱ्हायनोविषाणूही १९५०च्या दशकात हाती लागला. थंड नाकात हा विषाणू अधिक वेगाने वाढतो, हे मात्र पुढे प्रयोगशाळेत दिसून आले, त्यामुळे ऊबदार कपड्यांचा सल्ला अगदीच निराधार नाही.

खरा घोळ झाला तो विषाणू माणसाकडून माणसाकडे कसा जातो, या प्रश्नावर. सुमारे १०० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे थेंब लगेच खाली पडतात आणि त्याहून लहान थेंब वाळून हवेत तरंगत राहतात, असे १९३०च्या दशकात एका अमेरिकी अभियंत्याने मांडले होते. क्षयरोगाच्या अभ्यासातून ५ मायक्रॉन हा आकडा आला, पण तो फुप्फुसात खोलवर पोहोचणाऱ्या कणांसंबंधीचा होता. पुढे या दोन आकड्यांची गल्लत झाली आणि ‘५ मायक्रॉनपेक्षा मोठे ते सगळे जवळच पडते’ हा नियम पाठ्यपुस्तकांत आणि मार्गदर्शक सूचनांत ठाण मांडून बसला. एका चुकीच्या आकड्याने इतकी दशके आरोग्यविषयक सल्ल्याची दिशा ठरवावी, ही गंभीर बाब आहे. प्रतिबंध म्हणजे हात धुणे, रुमाल धरणे आणि हातभर अंतर ठेवणे, एवढाच अर्थ त्यातून उरला.

विरुद्ध पुरावा नव्हता असे नाही. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना सर्दी झालेल्यांबरोबर तासन्‌तास पत्ते खेळायला बसवले गेले. ज्यांना चेहऱ्याला हातच लावता येणार नाही अशी व्यवस्था केली होती, त्या १८ पैकी १० जणांना संसर्ग झाला, तर हात मोकळे असलेल्या १८ पैकी १२ जणांना. संसर्गाचा बराच भाग हवेतूनच झाला, हे त्यातून सूचित होत होते. त्याआधीच्या काही प्रयोगांत हातावरून नाकापर्यंत विषाणू पोहोचत असल्याचे दिसले होते, म्हणून हात धुण्याचे महत्त्व आजही आहे. पण बंद खिडक्यांच्या, कोरड्या हवेच्या हिवाळी खोलीचा विचार त्या मानाने फारच कमी झाला.

२०२० साली कोविडच्या साथीत हाच वाद उघड्यावर आला. विषाणू हवेतून पसरत नाही, असे सुरुवातीला ठामपणे सांगितले गेले आणि त्याच वर्षी दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याविरोधात जाहीर पत्र लिहिले. २०२३ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने खोलीत तासाला किमान पाच वेळा हवा बदलण्याइतक्या शुद्ध हवेचे उद्दिष्ट सुचवले आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘थेंब’ आणि ‘हवेतील कण’ यांमधील ५ मायक्रॉनची ती रेषा अखेर पुसून सर्वांसाठी एकच संज्ञा स्वीकारण्यात आली.