शिडाच्या जहाजावरील खलाशांचे सहजीवन (गोवा)

शिडाच्या जहाजावर महिनोन्महिने एकत्र राहणाऱ्या खलाशांमध्ये पाळ्या, दोरकाम, स्वयंपाक आणि मोजक्या गोड्या पाण्याची वाटणी यांतून जो परस्परविश्वास रुजतो, तो या सहजीवनाचा पाया होय. खलाशांच्या मैत्रीचे वर्णन बहुधा गाणी आणि गप्पा यांच्या अंगाने केले जाते. प्रत्यक्षात ती कामाच्या शिस्तीतून घडते आणि स्वभाव न जुळणाऱ्यांमध्येही टिकते.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मालवाहतूक करणाऱ्या फत्तेमारी या शिडाच्या गलबतावर तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, हाताखाली थोडेच खलाशी असत आणि ते पुष्कळदा एकाच गावचे किंवा नात्यातले असत. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढली जात. नारळी पौर्णिमेनंतर तीच माणसे पुन्हा एकत्र येत. त्यामुळे जहाजावरचे नाते गावातल्या नात्याला जोडूनच असे. अशी आधीची ओळख नसलेल्यांना एकत्र आणण्याचे काम पुढे प्रशिक्षणाने केले. गोवा शिपयार्डने बांधलेल्या आणि ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘तरंगिणी’ या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर छात्रांना दोर एका तालात ओढावे लागतात व डोलकाठीवर चढून शिडे बांधावी लागतात. एकाचा हात मागे पडला, तर भार शेजाऱ्यावर येतो.

सहजीवनाची खरी कसोटी लहान नौकेवर लागते. गोव्यात बांधलेली ‘तारिणी’ ही ५५ फुटी शीडनौका घेऊन लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी आयएनएस मांडवी या तळावरून निघाल्या आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केप टाउन ही बंदरे घेत २१ मे २०१८ रोजी गोव्यात परतल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात थांबावे लागले. या सहाजणींनी त्याआधी ‘म्हादेई’ या नौकेवर एकत्र सराव केला होता, हे येथे महत्त्वाचे. कारण वादळात शीड कमी करताना कोण कुठे उभे राहील, हे तेव्हा ठरवत बसायला वेळ नसतो.

दोघांच्याच नौकेवर हे नाते आणखी वेगळे वळण घेते. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी ‘तारिणी’वरूनच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात गोवा ते गोवा अशी पृथ्वीप्रदक्षिणा केली, जमिनीपासून सर्वांत दूर असलेल्या पॅसिफिकमधील पॉइंट निमोवरूनही त्या गेल्या. दोघांच्या नौकेवर साधारणतः एक जागा असताना दुसरा झोपलेला असतो, म्हणजे सोबत असूनही गाठ पडते ती मुख्यतः पाळी बदलताना. पाळी सोडणारा वारा कोणत्या बाजूने फिरला, कोणता दोर झिजला आहे, क्षितिजावर दिवा दिसला का, एवढे सांगून आत जातो आणि त्याच भरवशावर झोपतो. इतक्या कमी बोलण्यावर चालणारी मैत्री जमिनीवर क्वचितच आढळते.

भांडणे होतातच. जहाजावर दार आपटून निघून जाण्याची सोय नसल्यामुळे राग पुढच्या पाळीपर्यंत मिटवावा लागतो. तो न मिटल्यास चूक शिडावर किंवा दोरावर उमटते.

प्राचीन पद्धतीने काथ्याने फळ्या शिवून गोव्यात बांधलेल्या आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या जहाजाने मात्र नवा प्रश्न उभा केला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावर बेतलेल्या अशा नौकेचा अनुभव असलेला तांडेलच उपलब्ध नसल्याने चौकोनी शिडे आणि सुकाणूची वल्ही हाताळण्याचे कसब तिच्या खलाशांना एकमेकांच्या चुका पाहतच आत्मसात करावे लागले.