कागद, वाळू आणि कोकणातले जुने भूकंप

मे १६१८ मध्ये मुंबई-वसईच्या टापूत मोठा अनर्थ घडला. सुमारे दोन हजार माणसे दगावली, साठ जहाजे बुडाली. भूकंपांच्या जुन्या याद्यांमध्ये ही घटना मुंबईचा भूकंप म्हणून नोंदलेली आहे. एका यादीतून दुसरीत उतरवली गेली, तशी ती पक्की होत गेली. पण त्या काळातले वर्णन वाचायला घेतले की शंका येते. समुद्र गावात घुसला, चर्चचे माथे उडाले, भलेमोठे दगड लांबवर फेकले गेले, तळ्यांतले मासे मेले. सगळा भर वाऱ्यावर आणि पाण्यावर. शिवाय महिना मेचा, पावसाळ्याच्या तोंडचा. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ ज्यांनी श्रीवर्धन-दिवेआगरला सोसले, त्यांना हे काय आहे ते सांगावे लागणार नाही. अलीकडच्या अभ्यासकांनीही हा भूकंप नसून चक्रीवादळ होते असेच मत दिले आहे.

ही दुरुस्ती किरकोळ नाही. मुंबईत भूकंपाचा धोका किती, हे ठरवताना मागच्या काही शतकांत काय घडले ते धरावे लागते. भूकंप मोजणारी उपकरणे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आली. त्याआधीचे सगळे कागदांत आहे किंवा मातीत. दोन हजार बळींचा एक खोटा भूकंप हिशेबात शिरला, तर पुढचे गणितच चुकते.

आता याच्या उलट उदाहरण. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामा व्हाइसरॉय होऊन तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता. पोर्तुगीज बखरकार गास्पार कोरेया लिहितो, की दाभोळच्या बाजूला ताफा असताना जहाजे अचानक थरथरू लागली. खलाशांना वाटले, गाळात किंवा खडकावर चढलो. एकच ओरडा झाला, शिडे उतरवली, होड्या पाण्यात सोडल्या. बुडीद, म्हणजे खोली मोजायची वजन बांधलेली दोरी, टाकून पाहिली तर तळ लागेना. गामाने मात्र, समुद्रच आपल्याला घाबरून कापतो आहे, असे म्हणून माणसांना धीर दिला.

हे वर्णन मला फार मोलाचे वाटते, कारण सांगणाऱ्याला ठाऊक नसलेले विज्ञान त्यात बरोबर उतरले आहे. भूकंपाच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. खडकाला आडवे हलवणाऱ्या लहरी पाण्यातून जाऊच शकत नाहीत. दाब देत-सोडत पुढे सरकणाऱ्या लहरी मात्र पाण्यातून थेट वर येतात आणि जहाजाच्या तळावर आपटतात. वर असलेल्या माणसाला जहाज कशावर तरी घासल्यासारखे वाटते. समुद्रातल्या भूकंपांत सापडलेल्या नंतरच्या जहाजांवरूनही अशीच हकिगत आलेली आहे. खाली तळ लागत नसताना जहाज घासल्यासारखे वाटणे, हे वादळात होत नाही.

पण कोरेयाच्या हकिगतीने किनाऱ्यावर काय झाले ते कळत नाही. त्यासाठी दापोली तालुक्यात केळशीला जावे लागते. तिथे खाडीच्या मुखाशी वाळूचा मोठा उंचवटा आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा वाळूखाली जुन्या वस्तीचे अवशेष मिळाले. ही वाळू त्सुनामीने आणली असावी, असे त्यांनी मांडले. पुढे २०२१ मध्ये भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी वस्तीच्या थरावर पसरलेल्या वाळूचा संबंध १५२४ च्या घटनेशी जोडला. त्या लाटेमागचा भूकंप नेमका कुठे झाला, हे अजून सापडलेले नाही.

वाळूची उलटतपासणी कागदापेक्षा कठीण. कोकणात वारा वाळू उडवतोच, वादळही ती आत आणते. वाऱ्याची वाळू बहुधा बारीक आणि एकसारखी असते. लाटेने आणलेल्या थरात शिंपल्यांचे तुकडे, खोल पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची कवचे, खालच्या मातीचे खरवडून आलेले गोळे मिळू शकतात. थर कधीचा, हे कोळशाच्या तुकड्यातल्या कार्बनवरून काढतात किंवा वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले ते प्रयोगशाळेत मोजून. दोन्ही रीतींनी मिळतो तो वर्षांचा पट्टा. एकच साल नव्हे. साल कागदाने द्यायचे आणि ते त्या पट्ट्यात बसते का ते वाळूने सांगायचे.

तरीही एका केळशीवर माझे समाधान होत नाही. खरोखर मोठी लाट आली असेल, तर तिने एकच गाव गाठले नसणार. आंजर्ले, आडे, हर्णै, दाभोळ इथल्या खाजणांत, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीत, नळी खाली घालून मातीचा उभा नमुना काढला आणि त्याच काळातला तसाच थर दोन-तीन ठिकाणी मिळाला, तर बाजू भक्कम होईल. नाही मिळाला, तर तेही उत्तरच.

अशी लाट या किनाऱ्याला अशक्य नाही, याचा पुरावा विसाव्या शतकातलाच आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणच्या, किनाऱ्यावर सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी, सकाळी, मुंबईला लाटा पोहोचल्या. त्यांची उंची सुमारे दोन मीटर नोंदली गेली. वर्सोव्यासारख्या ठिकाणी माणसे वाहून गेली. युनेस्कोच्या पुढाकाराने अरबी समुद्राभोवतीच्या देशांत त्या दिवसाचे साक्षीदार शोधून त्यांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या. आपल्या कोळीवाड्यांत हे काम आणखी खोलवर आणि लवकर व्हायला हवे. तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीत आहे.

जमिनीवरच्या भूकंपांसाठी दप्तरे चाळावी लागतात. मोडी कागदांत 'धरणीकंप जाहला' एवढेच वाक्य असते, पण शेजारी तिथी आणि प्रहर असेल तर ते सोन्यासारखे. साल शुहूर, म्हणजे जुन्या मराठी कागदांत वापरला जाणारा सन, असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन निघतो. शुहूर वर्ष मृगाला बदलते, म्हणून महिना पाहिल्याशिवाय यातला कोणता आकडा घ्यायचा ते ठरत नाही. मग गावात जाऊन पाहायचे, दीपमाळ मध्येच फिरली आहे का, चिऱ्याच्या भिंतीची एक बाजू नंतर बांधलेली दिसते का. पडझडीवरून जोर ओळखायला माप लागते आणि ते ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दिले आहे. त्याची तीव्रता उपकरणांवरून ठाऊक आहे आणि चिपळूणच्या बाजूला कोणते घर कसे तडकले, हे सांगणारी माणसे अजून आहेत. तसलाच तडा जुन्या कागदात वाचला, की तिथे जमीन साधारण किती जोराने हलली असेल, याचा अंदाज बांधता येतो.