कोलोनोस्कोपी : वृद्धांमधील विरळ पण गंभीर गुंतागुंत

गुदद्वारातून लवचिक दुर्बीण सरकवून मोठे आतडे तपासताना किंवा तपासल्यानंतर क्वचित उद्भवणारे धोके. आतड्याला छिद्र पडण्याचे प्रमाण एकूण हजारात एक किंवा त्याहूनही कमी आहे, पण पंचाहत्तरीनंतर ते वाढते. या वयात आतड्याची भिंत पातळ होते, तिच्यात लहान पिशव्या तयार होतात, जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतात. पोट फुगणे वायू सरला की थांबते. वाढत जाणारी पोटदुखी मात्र छिद्राची खूण असू शकते. म्हाताऱ्या माणसाचे पोट अशा वेळी कडक होईलच, ताप येईलच असे नाही. आजोबा जेवायला नको म्हणतात, असंबद्ध बोलतात, नुसते पडून राहतात. एवढ्यावरही तातडीने दवाखाना गाठावा.

पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढलेली छोटी गाठ) काढलेल्या जागेतून रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास धोका अधिक. नागपुरात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. ‘मेडिकल’मध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) आणि शहरातील खासगी रुग्णालयांत गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याहून रुग्ण येतात आणि बहुधा त्याच दिवशी परततात. रक्त सुरू झाले तर जवळ कुठे जायचे, हे घरच्यांनी निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. हृदयासाठीची रक्त पातळ करणारी गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

प्लीहेला (पोटातील डाव्या बरगड्यांखालच्या अवयवाला) इजा होणे अत्यंत दुर्मीळ. त्यात डाव्या बरगडीखाली व डाव्या खांद्यात दुखते आणि ते हृदयाचे दुखणे समजले जाते. गुंगीच्या औषधाने श्वास मंदावणे, रक्तदाब उतरणे हेही वृद्धांत अधिक घडते.

धोका तपासणीच्या आधीच, पोट साफ करण्याच्या औषधापासून सुरू होतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. अंगातले पाणी आधीच कमी, त्यात जुलाब. रात्री चौथ्यांदा संडासला उठलेली आजी चक्कर येऊन पडते आणि खुब्याचे हाड मोडते. त्या रात्री सोबत कुणीतरी जागे हवेच. फॉस्फेटयुक्त औषधाने मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते; म्हणून वृद्धांसाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल पसंत करतात.

तक्रार नसताना केवळ कर्करोगाच्या शोधासाठी ८५ वर्षांनंतर ही तपासणी करू नये, असे अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात. शौचातून रक्त जात असेल किंवा हिमोग्लोबिन विनाकारण घटत असेल, तर वयाकडे बोट दाखवून ती टाळणेही योग्य नाही.