तांबी आणि मासिक पाळी

गर्भाशयात बसवलेल्या गर्भनिरोधक साधनामुळे पाळीतील रक्तस्राव, पाळीचे दिवस आणि वेदना यांत बदल होतो. तो कोणत्या दिशेने होईल, हे साधन तांब्याचे आहे की संप्रेरकाचे (हार्मोनचे) यावर ठरते. विदर्भाच्या खेड्यांत सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत बसवली जाणारी कॉपर-टी, म्हणजेच बोलीतली तांबी, अधिक परिचयाची आहे. तिच्या ३८० ए या प्रकाराची मुदत १० वर्षे, तर ३७५ची ५ वर्षे असते.

तांबीत संप्रेरक नसल्यामुळे दर महिन्याला बीज तयार होणे चालूच राहते आणि पाळी बहुधा आपल्या तारखेला येते. बदलतो तो स्राव. तांबे शुक्राणूंना निकामी करते, पण त्याच वेळी गर्भाशयाच्या अस्तराला सौम्य दाह होऊन तेथे प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणि स्राव वाढवणारे द्रव्य वाढते. त्यामुळे अंगावरून जास्त जाते, पाळी लांबते, ओटीपोटात कळा येतात आणि कधी दोन पाळ्यांच्या मध्येही डाग पडतात. पहिले ३ ते ६ महिने हा त्रास अधिक असतो. पुढे बहुतेकींचा कमी होतो, तरी स्राव पूर्वीइतका होईलच असे नाही.

हा बदल विदर्भात किरकोळ मानता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांत त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर पडते. या दोन्ही अवस्थांत तांबी वर्ज्य नाही, मात्र आधी हिमोग्लोबिन तपासणे आणि नंतर लोहाच्या गोळ्या चालू ठेवणे आवश्यक ठरते. रोवण्याच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून राबणाऱ्या किंवा कापसाच्या वेचणीला गेलेल्या बाईला घडी बदलायला बांधावर आडोसा नसतो, म्हणून पुस्तकातला ‘थोडा जास्त स्राव’ तिची त्या दिवसाची मजुरी बुडवू शकतो. बसवताना याची कल्पना न दिल्यास ती दुसऱ्याच महिन्यात तांबी काढून मागते. ती मागणी अज्ञान म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. वैद्यकीय सल्ल्याने पाळीच्या दिवसांत मेफेनॅमिक किंवा ट्रानेक्झामिक ॲसिड घेतल्यास स्राव कमी होतो.

प्रत्येक तक्रार तांबीमुळेच असते असेही नाही. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता. म्हणूनच बसवण्यापूर्वी जंतुसंसर्गाची तपासणी हवी, आणि कारण न कळलेला रक्तस्राव चालू असताना तांबी बसवू नये.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणाऱ्या साधनाचा परिणाम उलट होतो. सुरुवातीचे काही महिने अनियमित डाग दिसतात, नंतर स्राव घटत जातो आणि वर्षअखेर सुमारे पाचांपैकी एकीची पाळी थांबते. ‘पाळी थांबली म्हणजे रक्त आत साचते’ ही भीती निराधार आहे: अस्तर पातळच राहते, त्यामुळे बाहेर पडण्याजोगे फारसे काही तयार होत नाही. अतिस्रावावरील उपचार म्हणूनही हे साधन वापरले जाते.

तांबी असताना पाळी चुकणे मात्र नेहमीचे नाही. अशा वेळी गर्भचाचणी करावी. ती होकारार्थी आली किंवा पोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत राहिल्याची शक्यता असल्याने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.