दीड मीटरवरून वाचायचे संशोधन

वैज्ञानिक परिषदेतील पोस्टरचे दालन हे वाचनासाठी फारसे सोयीचे ठिकाण नसते. फलक ओळीने उभे असतात, त्यांच्यामधल्या अरुंद वाटांतून हातात चहाचा कप घेतलेली माणसे हळूहळू पुढे सरकत असतात, प्रत्येक फलकाशेजारी त्याचा कर्ता कोणीतरी थांबेल या आशेने उभा असतो आणि सत्र थोड्याच वेळात संपणार असते. वर्ष-दोन वर्षांचे काम तेथे मांडायचे असते. तरीही आपल्याकडील बरीचशी पोस्टरे टेबलाशी निवांत बसलेल्या परीक्षकासाठी केल्यासारखी दिसतात : शोधनिबंधातील परिच्छेद जसेच्या तसे उचललेले, तक्ते अख्खेच्या अख्खे डकवलेले आणि निष्कर्ष सर्वांत खाली, गुडघ्याच्या उंचीवर. पोस्टरचा आराखडा आखताना सर्वांत आधी विचारायला हवा तो अंतराचा प्रश्न. वाचणारा किती दूर उभा असेल हे एकदा ठरले, की अक्षरांचा आकार, मजकुराची लांबी, आलेखाचा प्रकार आणि चित्रांचा दर्जा यांची बहुतेक उत्तरे त्यातूनच निघतात.

विज्ञानात हा प्रकार तसा अलीकडचा आहे. युरोपातील जीवरसायनशास्त्र संघटनांच्या महासंघाची १९६९ साली माद्रिदला जी परिषद भरली, तिच्यातील पोस्टर-सत्र हे आंतरराष्ट्रीय परिषदांमधील अगदी सुरुवातीच्या सत्रांपैकी मानले जाते. अमेरिकेत ही पद्धत १९७४च्या सुमारास रुजू लागली. कारण साधे होते. निबंध वाचू इच्छिणारे वाढले आणि व्यासपीठावरचा वेळ पुरेनासा झाला. आज महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेमुळे पदवीच्या विद्यार्थ्यांनाही पोस्टर करावे लागते, आणि अनेकांच्या बाबतीत आपले काम अनोळखी माणसाला समजावून सांगण्याची ती पहिलीच वेळ असते. म्हणून त्याकडे सजावटीचे काम म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही.

अंतराचा हिशेब डोळ्याच्या क्षमतेपासून सुरू होतो. निरोगी डोळ्याला दोन बारीक खुणा वेगळ्या ओळखता येण्यासाठी त्यांच्यात सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे कोनीय अंतर लागते. नेदरलँड्समधील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये दृष्टितपासणीचा जो तक्ता तयार केला, त्यात याच आधारावर पाच कला उंचीचे अक्षर हे सामान्य दृष्टीचे माप धरले आहे. एक मीटर अंतरावर पाच कला म्हणजे जेमतेम १.४५ मिलिमीटर. मात्र ही ओळखण्याची सीमा झाली. डोळे न ताणता सलग वाचायचे असेल, तर अक्षर तिच्या निदान दुप्पट-तिप्पट असावे लागते. पोस्टरचा मुख्य मजकूर साधारण दीड मीटरवरून वाचला जातो असे धरले, तर अक्षराचा मुख्य भाग साडेचार ते साडेसहा मिलिमीटर उंच हवा. पाच मीटरवरून जाणाऱ्याच्या नजरेत शीर्षक भरायचे असेल, तर त्याची अक्षरे दीड ते सव्वादोन सेंटिमीटर उंच हवीत.

संगणकावर आपण निवडतो तो पॉइंटचा आकडा याहून वेगळी गोष्ट मोजतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. २४ पॉइंटचा फाँट निवडला म्हणजे साडेआठ मिलिमीटरची चौकट मिळते आणि रोमन लिपीतील ‘ए’ किंवा ‘एन’ यांसारखी लहान अक्षरे तिच्या जवळपास निम्मीच भरतात. त्यामुळे २४ पॉइंट ही मजकुराची खालची मर्यादा समजावी. देवनागरीत तर अधिक सावध राहावे लागते, कारण त्याच चौकटीत शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार बसवायचे असतात, खाली उकार आणि ऋकार यायचे असतात, आणि मधल्या अक्षराला उरेल ती जागा मिळते. किती उरते हे फाँटनुसार बदलते. ओळींमधील अंतरही इंग्रजीसाठी ठरलेले तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. मराठी पोस्टरांमध्ये हा दोष सर्वत्र दिसतो आणि तो दूर करायला एक मिनिटही लागत नाही.

आकडेमोड नको असेल, तर एक अचूक चाचणी उपलब्ध आहे. ए-शून्य आकाराचा कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा असतो, आणि ए-चार हा त्याचा चार वेळा अर्धा केलेला भाग असल्यामुळे त्याची लांबी आणि रुंदी बरोबर एक चतुर्थांश भरते. पोस्टरची ए-चारवर छपाई काढून ती डोळ्यांपासून सदतीस-अडतीस सेंटिमीटरवर, म्हणजे आपण पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावर धरली, की अक्षरे डोळ्याशी जो कोन करतात तोच ए-शून्य पोस्टर दीड मीटरवरून करणार असते. हातातील कागदावरचा मजकूर सहज वाचता आला नाही, तर परिषदेतही तो वाचता येणार नाही. तोच कागद सव्वा मीटरवर भिंतीला लावून शीर्षक पाहावे. पाच मीटरवरचे चित्र समोर येते.

अक्षरे मोठी झाली की मजकूर आपोआप कमी करावा लागतो, आणि खरे कठीण काम येथे सुरू होते. प्रौढ वाचक इंग्रजी मजकूर मनात वाचताना मिनिटाला साधारण दोनशे ते अडीचशे शब्दांचा वेग गाठतो. हजार शब्दांचे पोस्टर म्हणजे गर्दीत उभे राहून चार-पाच मिनिटांचे अखंड वाचन झाले, आणि तेवढा वेळ तेथे कोणीही देत नाही. तीनशे ते पाचशे शब्दांत काम मांडता येते, मात्र त्यासाठी काय गाळायचे हे संशोधकालाच ठरवावे लागते. उपकरणाचे प्रतिमान, द्रावणांची संहती, पूर्वसूरींच्या कामाचा आढावा हे सगळे बोलताना सांगता येते किंवा सोबतच्या पानावर देता येते. फलकावर एकच निष्कर्ष ठळक राहावा आणि बाकीचे सर्व त्याच्या आधारापुरते असावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीने आपल्या तालुक्यातील वीस विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजले. नेहमीच्या पद्धतीने तिचे शीर्षक ‘विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटच्या हंगामी प्रमाणाचा तुलनात्मक अभ्यास’ असे होईल, आणि त्यातून तिला काय सापडले याचा काहीच पत्ता लागणार नाही. ‘पावसाळ्यानंतर वीसपैकी नऊ विहिरींत नायट्रेट मर्यादेपलीकडे’ हे शीर्षक पाच मीटरवरूनही निष्कर्ष सांगते. ज्याला विषयात रस आहे तो थांबतो, आणि जो थांबत नाही तोही काहीतरी घेऊन पुढे जातो.

आता तिचा आलेख. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आलेख वाचताना माणसे कोठे चुकतात हे तपासले होते. एकाच मोजपट्टीवरील बिंदूंची स्थाने आपण सर्वांत अचूक ताडतो. लांबीचा अंदाज त्याखालोखाल बरा येतो. कोन, क्षेत्रफळ आणि घनफळ यांकडे जावे तसतशी चूक वाढत जाते आणि रंगाच्या छटांवरून प्रमाण ओळखणे तर आणखी अवघड असते. वर्तुळाच्या फाकांचे आलेख आणि त्रिमितीय स्तंभ पोस्टरवर टाळावेत, ते याच कारणासाठी. आपल्या विद्यार्थिनीने वीस विहिरींसाठी वीस आडव्या रेषा घ्याव्यात, प्रत्येक रेषेवर पावसाळ्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन बिंदू द्यावेत, आणि भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेल्या लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेवर एक उभी रेष ओढावी. वीस ओळींच्या तक्त्यात आकडे शोधत बसावे लागते; येथे किती बिंदू रेषेपलीकडे गेले हे नजर टाकताच कळते.

मर्यादा ओलांडलेल्या नऊ विहिरी नारिंगी आणि उरलेल्या राखाडी ठेवल्या, तर रंगाचेही काम पूर्ण होते. ॲन ट्राइसमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की समूहातील एखादी वस्तू केवळ रंगासारख्या एका गुणाने वेगळी असेल, तर ती शोधायला लागणारा वेळ समूहाच्या आकाराबरोबर जवळजवळ वाढत नाही. दोन गुणांच्या संयोगाने ती वेगळी असेल, तर मात्र डोळ्याला एकेक वस्तू तपासत जावे लागते. सहा रंग आणि सहा आकार वापरलेल्या आलेखासमोर वाचक गोंधळतो, त्याचे कारण हेच. लाल आणि हिरव्याची जोडी तर वापरूच नये. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना हा भेद नीट करता येत नाही. भारतात हे प्रमाण कमी आढळत असले, तरी एका सत्रातील प्रेक्षकांत अशी माणसे असणारच. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी सुचवलेली आठ रंगांची मालिका अशा डोळ्यांनाही वेगवेगळी दिसते आणि ती मोफत मिळते. तापमान किंवा घनता दाखवणाऱ्या नकाशांत इंद्रधनुष्यी पट्टा वापरण्याची सवयही सोडायला हवी, कारण त्यातील पिवळा भाग अकारण उजळतो आणि मूळ आकडेवारीत नसलेल्या सीमारेषा भासवतो. मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या बहुवापराच्या आज्ञावलीने २०१७च्या आवृत्तीपासून आपोआप वापरला जाणारा तो पट्टा बदलून दुसरा ठेवला.

२०१९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच. डी. करणाऱ्या माइक मॉरिसन यांनी एका चित्रफितीतून पोस्टरचा नवा आराखडा सुचवला : मध्यभागी सोप्या भाषेतील मोठे वाक्य, डावीकडे थोडक्यात सारांश, उजवीकडे तपशील आणि सविस्तर निबंधाकडे नेणारा क्यूआर कोड. त्यावर बरीच चर्चा झाली, आणि हजारो पोस्टरांचा चेहरा त्यामुळे बदलला. त्यांचे निदान मला पटते, पण केवळ वाक्य मध्यभागी ठेवणे पटत नाही. पुरावा कडेला गेला, की निष्कर्षावर शंका घेण्याची वाचकाची सोय जाते, आणि वैज्ञानिक पोस्टरवर ती सोय समोरच हवी. वाक्य आणि त्याला आधार देणारा आलेख असे दोन्ही मध्यभागी, डोळ्यांच्या उंचीवर एकत्र असावेत. बाकीचा मजकूर उभ्या स्तंभांत मांडावा, म्हणजे वाचणाऱ्याला एकाच ओळीसाठी फलकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकावे लागत नाही.

छपाईबद्दल थोडेसे. एक मीटरवरून डोळ्याला ०.२९ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत, म्हणजे इंचाला नव्वदेक ठिपक्यांपलीकडे फारसा फरक कळत नाही; जवळ येऊन पाहणारे धरले, तरी छायाचित्रांसाठी इंचाला दीडशे पुरेसे असतात. व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र आधीच आक्रसलेले असते, त्यामुळे मूळ फाइलच मागवावी. आलेख मात्र छायाचित्राच्या स्वरूपात न ठेवता रेखारूपातच निर्यात करावा, म्हणजे तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही. कागद मॅट घ्यावा. चकचकीत लॅमिनेशनवर दालनातील दिव्यांचे प्रतिबिंब पडते. मराठी मजकूर युनिकोड फाँटमध्ये असावा आणि पीडीएफमध्ये फाँट समाविष्ट केलेला असावा, नाहीतर छपाईवाल्याच्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. फलक उभा आहे की आडवा, हे आयोजकांना आधीच विचारून घ्यावे.

सत्रात पोस्टर निम्मेच बोलते. थांबलेल्या माणसाला दीड-दोन मिनिटांत सांगायचे चार वाक्यांचे निवेदन तयार ठेवावे आणि ते विषयाबाहेरच्या मित्रासमोर म्हणून पाहावे. बाजूला उभे राहावे, म्हणजे आलेख झाकला जात नाही. कोणी काय विचारले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण पोस्टरवरचे काम बहुधा अजून प्रसिद्ध झालेले नसते : त्या विद्यार्थिनीला एखाद्याने विहिरींची खोली विचारली किंवा शेजारच्या शेतात कोणते खत पडते याची चौकशी केली, तर शोधनिबंध लिहिण्यापूर्वी त्या नोंदी गोळा करायला तिच्या हातात वेळ असतो.